गटिंगचा आकडा आणि रॅकेटचा आवाज

बॅडमिंटनच्या रॅकेटला गट, म्हणजे जाळीचे धागे, घालून देणाऱ्या गटिंगवाल्यापुढे रॅकेट ठेवली की गट किती ताणायची हा पहिला प्रश्न येतो, "किती पाउंड?" समोरचा पोरगा शेजारच्या कोर्टवर ऐकलेला आकडा सांगून मोकळा होतो: "काका, सव्वीस घाला." हे सव्वीस कुठल्या मशीनचे, कुठल्या गटवर, आणि आठवड्याने त्यातले किती शिल्लक राहणार, हे कुणी विचारत नाही. खरं तर आकडा सांगण्याआधी आपला टोला पाहायला हवा.

त्यासाठी मागच्या रेषेवर उभं राहून दहा टॉस, म्हणजे मागपर्यंत जाणारे उंच टोले, मारा, जीव न काढता, नेहमीच्या हाताने. समोरच्या कोर्टात मागच्या रेषेच्या आत ७६ सेंटिमीटरवर दुहेरी सर्व्हिसची रेषा असते. दहातले सात शटल तिच्या पलीकडे पडले तर एक पाउंड वाढवून बघायला हरकत नाही. निम्मेच पोचत असतील तर एक-दोन पाउंड कमी करा. सैल गट शटलला ढकलून देते आणि स्वीट स्पॉटही, म्हणजे जाळीवरची टोला नीट बसण्याची जागा, मोठा मिळतो. घट्ट गटवर नेम चांगला लागतो, पण जोर सगळा तुमचा, आणि जरा बाजूला लागलं की झटका थेट कोपरापर्यंत येतो.

ढोबळमानाने नवशिक्यांना २० ते २२ पाउंड पुरतात. आठवड्यातून तीन-चार दिवस खेळणाऱ्यांना २३ ते २५ योग्य. २६ ते २८ कोचिंगमध्ये हात तयार झालेल्यांनी घ्यावेत. लहान मुलांना १८-१९ भरपूर झाले. नायलॉनच्या शटलवर खेळत असाल तर यातून एखादा पाउंड वजा करा. रॅकेटच्या शाफ्टवर (दांडीवर) किंवा कोनवर (मुठीच्या वरच्या टोपीवर) छापलेली कमाल मर्यादा मात्र ओलांडू नका. पुढे फ्रेमला चीर गेली तर वॉरंटीचं नावही काढता येत नाही.

गटची जाडीही यात येते. योनेक्सची बीजी ६५ ही ०.७० मिमीची गट टिकाऊ, रोजच्या खेळाला उत्तम. बीजी ६६ अल्टिमॅक्स ०.६५ मिमीची, आवाज खणखणीत, पण लवकर तुटते. गट आणि पाउंड दोन्ही एकदम बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही. म्हणून एका वेळी एकच बदल, तोही एकाच पाउंडाचा.

मशीनवर काय होतं ते सोलापूरकराला समजावणं सोपं आहे, कारण ताणा-बाणा इथे घरोघरी ठाऊक. उभे धागे, म्हणजे मेन, आधी ओढले जातात. बहुतेक रॅकेटींत ते २२ असतात. मग आडवे क्रॉस त्यांच्यात एक वर, एक खाली असे विणत जायचे. ओढताना क्रॉसचा धागा सगळ्या मेनवर घासत जातो आणि त्याचा थोडा ताण त्या घर्षणातच जातो. शिवाय नुसते मेन ओढले की रॅकेटचं डोकं, म्हणजे जाळीची चौकट, उंचीला दबतं आणि रुंदीला फुगतं. क्रॉस त्याला परत आत घेतात. म्हणून क्रॉस मेनपेक्षा एक ते दोन पाउंड जास्त ठेवतात. "मेन २३, क्रॉस २४" असं स्पष्ट सांगा. गटिंगला देण्याआधी डोक्याची आतली रुंदी पट्टीने मोजून ठेवा, परत आल्यावर पुन्हा मोजा. एक-दोन मिलिमीटर इकडेतिकडे चालतं. त्याहून जास्त फरक आला तर ताण नीट बसलेला नाही.

मशीन-मशीनचाही फरक असतो. हाताने फिरवायच्या मशीनवर ठरलेला ताण आला की खटका बसून ओढणं थांबतं. क्लॅम्प, म्हणजे धागा धरून ठेवणारा चिमटा, लागेपर्यंत धागा थोडा सैलावतो. इलेक्ट्रॉनिक मशीन मात्र तोवर ओढतच राहतं. त्यामुळे दोन्हीकडचे २४ हाताला सारखे लागत नाहीत. शंका असेल तर रद्दीवाल्याकडे असतो तसला हुकाचा डिजिटल काटा घ्या. काटा पक्का अडकवून त्याच्या हुकाला जुन्या गटचा तुकडा बांधा, दुसरं टोक मशीनच्या पकडीत द्या आणि २४ वर ओढायला सांगा. काट्यावर १०.९ किलो यायला हवेत. १०.२ आले तर ते मशीन २४ म्हणून साडेबावीसच देतंय.

रॅकेट घरी आली की ताण आवाजावरून मोजता येतो. फोनमध्ये हर्ट्झ दाखवणारं कुठलंही ट्यूनर ॲप चालेल. पंखा बंद करा. रॅकेट फक्त मुठीला धरा, जाळीला बोट लागू देऊ नका, नाहीतर आवाज मरतो. फोन जाळीपासून चार-पाच बोटांवर ठेवून मधोमध पेन्सिलीच्या मागच्या टोकाने टिचकी मारा. पाच वेळा मोजा, एखादा भलताच आकडा आला तर सोडून द्या. बॅडमिंटनच्या रॅकेटला साधारण हजार ते तेराशे हर्ट्झ येतात. पातळ गट त्याच पाउंडाला वरचा सूर देते, डोक्याच्या आकारानेही आकडा बदलतो, तेव्हा मित्राच्या रॅकेटशी तुलना करण्यात अर्थ नाही. आपल्याच रॅकेटची आपल्याच जुन्या नोंदीशी करा.

पहिली नोंद दुसऱ्या दिवशी घ्या, कारण नवी गट पहिल्या दिवसातच सगळ्यात जास्त सैलावते. पुढचा हिशेब वर्गाचा, कारण ताण हर्ट्झच्या वर्गाच्या प्रमाणात बदलतो: समजा २४ पाउंडाला ११५० हर्ट्झ होते आणि आता १०५० येतात. १०५० भागिले ११५० म्हणजे ०.९१, त्याचा वर्ग साधारण ०.८३. म्हणजे ताण सुमारे १७ टक्क्यांनी उतरला, २४ चे २० झाले. इतकं उतरल्यावर गट तुटली नसली तरी बदलावी. तारीख, पाउंड, गट आणि हर्ट्झ कोनवर चिकटपट्टी लावून लिहून ठेवा.

एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार जातो. नायलॉनची गट उन्हात सैलावते; दुपारी गाडीच्या डिकीत राहिलेली रॅकेट संध्याकाळी भदभद वाजते. त्याच दिवसांत शटल मागे बाहेर जातात म्हणून लोक पाउंड चढवतात. पण गरम हवा विरळ असते, शटलला अडवतच नाही, तिथे बिचारी गट काय करणार? आधी शटल बदला: फेदर (पिसांचं) असेल तर ७७ ऐवजी ७५ किंवा ७६ या कमी वेगाच्या नंबरचं, नायलॉन असेल तर हिरव्या पट्टीचं, म्हणजे हळू जाणारं. मग गरज वाटली तर एक पाउंड वाढवा.

खेळता खेळता गट तुटली तर उरलेली तशीच रात्रभर ठेवू नका. एका बाजूने ताण गेलेला, दुसऱ्या बाजूने तसाच, यात फ्रेम वाकडी होते. कडेपासून सरळ कापत जाणंही तितकंच वाईट. मधोमध सुरू करा: एक उभा, एक आडवा, मग त्यांच्या शेजारचे, असं चारी बाजूंना सारखं कडेकडे सरकत जा. किटबॅगेत कात्री नसेल तर नेलकटरनेही भागतं.