स्विमिंग पूलचा पंप बदलला, तरी बिल तेवढंच? या चुका टाळा

पुण्यात बाणेर-पाषाणकडच्या बंगल्यांमधले पूल मी बरीच वर्षं सांभाळतोय. हल्ली एक तक्रार ठरलेली असते : "अहो, एवढा महागाचा व्हेरिएबल स्पीड पंप बसवला, तरी बिल आहे तेवढंच!" म्हणजे स्पीड कमी-जास्त करता येणारा पंप. पंपात बहुतेक वेळा काहीच खोट नसते.

हे पंप आपल्याकडे येतात ते बरेचदा अमेरिकेतल्या मुलाच्या सांगण्यावरून. तिथे १९ जुलै २०२१ नंतर तयार होणाऱ्या पूलच्या पंपांना नियम आहे : एका वॉट-तासात किती गॅलन पाणी फिरवतो, यावर पंप पास की नापास ते ठरतं. घरगुती पूलचे मोठे फिल्टर पंप एकाच स्पीडचे असतील, तर त्यात टिकत नाहीत. पण नियम पास झालेला पंप वीज वाचवतो, असं नाही. कमी स्पीडवर चालवलेला पंप वाचवतो.

बाणेरच्या एका बंगल्यात दोन एचपीचा असा पंप बसवला होता. पूल साधारण ६०,००० लिटरचा. मी गेलो तर डिस्प्लेवर २९०० आरपीएम, म्हणजे फुल! ऑपरेटरला विचारलं. म्हणाला, "दादा, हळू केला की पाण्याला जोरच राहत नाही. मालक म्हणतील, पंप बंद पडला." पाणी उसळलं म्हणजे स्वच्छ झालं, ही समजूत काही केल्या जात नाही. उलट सॅण्ड फिल्टरमधून पाणी सावकाश गेलं की गाळलं जास्त चांगलं जातं.

मालकांना मी वहीच्या पाठीमागे हिशोब मांडून दाखवला. फुल स्पीडला तासाला १५,००० लिटर पाणी, वीज अंदाजे २ किलोवॉट. आठ तासांत पूल दोनदा फिरतो, १६ युनिट जातात. स्पीड निम्मा केला की पाणी निम्मं होतं, पण वीज हिशोबाने आठव्या हिश्श्यावर येते. प्रत्यक्षात थोडी जास्त, ३०० वॉटच्या आसपास धरा. पंप सोळा तास चालवला तरी पाच युनिट. पाणी तेवढंच फिरलं.

१४५० ला लावला तेव्हा आवाज इतका कमी झाला की मालकच पंपाला हात लावून बघायला आले. दोन दिवसांनी सहज डोकावलो, तर परत २९००! मग मी लॉक टाकला. सकाळी एक तास फुल, म्हणजे स्किमर वरचा पालापाचोळा ओढून घेतो; बाकी वेळ हळू. बॅकवॉशलाही, म्हणजे पाणी उलटं सोडून फिल्टर धुताना, फुलच लागतो, तिथे काटकसर करू नका. आणि पहिले पंधरा दिवस मीटरचं रीडिंग रोज वहीत लिहा. दोन दिवसांत "काही फरक नाही" म्हणणाऱ्यांशी मी वाद घालणं सोडून दिलंय.

दुसरी गंमत पाषाणची. डिसेंबरात पहाटे तीनला पंप आपोआप सुरू व्हायचा. वॉचमनने भुताटकी ठरवून टाकली होती. बघितलं तर फ्रीझ प्रोटेक्शन चालू. पाइपातलं पाणी गोठू नये म्हणून ही सोय असते : थंडी ठरावीक अंशाखाली गेली की पंप आपोआप सुरू होतो. अमेरिकी नियमानुसार ती कारखान्यातून चालू करून दिलीच, तर ४० अंश फॅरनहाइटच्या वर लावलेली चालत नाही आणि तेव्हा स्पीडही निम्म्याच्या वर नको. इथे कुणीतरी बटणं दाबत बसून तो आकडा ५० केला होता. म्हणजे १० सेल्सिअस, पाषाणची हिवाळ्यातली नेहमीची पहाट! पुण्यात ही सोय सरळ बंद करा.

बाकीच्या चुका :

"थोडा मोठाच घ्या" म्हणून तीन एचपी घेऊन मग व्हॉल्व्ह अर्धा आवळणं. पैसे घालवायचा याहून सोपा मार्ग मला माहीत नाही.

प्रेशर गेज फुटलेला, आणि बॅकवॉश अंदाजपंचे. गेज नवा टाका. फिल्टर स्वच्छ असतानाचा आकडा टाकीवर मार्करने लिहून ठेवा; प्रेशर त्याच्या बरंच वर चढलं की बॅकवॉश.

गुरुवारी लाइट गेली की टायमरचं घड्याळ मागे पडतं. शुक्रवारी ते बघायची सवय मी लावून घेतलीय.

आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा स्विच, सारखा उडतो म्हणून बायपास करणं. असं केलेलं दिसलं, तर मी दुसऱ्या कुठल्याच कामाला हात लावत नाही.