घड्याळात मशीन 'दुसऱ्याचं' निघालं? घाबरून या चुका करू नका

आंबिया बहाराची संत्री तुटली, पैसे हाती आले आणि वरुडजवळच्या एका गावातल्या तरुणाने आयुष्यातलं पहिलं स्विस घड्याळ घेतलं. चार महिन्यांनी तो माझ्या दुकानात आला तेव्हा चेहरा पार उतरलेला. "काका, मले फसवलं जी. नाव एका कंपनीचं आन् अंदर मशीन दुसरीचं." घड्याळ दिवसाला सहा-सात मिनिटं पुढे पळत होतं. शहरातल्या एका दुकानदाराने ते उघडून पाहिलं, 'डुप्लिकेट' म्हणून सांगितलं आणि वर निम्म्या किमतीत विकत घ्यायची तयारीही दाखवली होती.

मी मागचं झाकण काढलं, डोळ्याला भिंग लावलं. मागेपुढे डोलणाऱ्या बॅलन्सच्या चाकाखाली, तांदळाच्या दाण्याएवढ्या जागेत ईटीए या स्विस मशीन कंपनीचा ढालीसारखा शिक्का आणि मशीनचा आकडा: २८२४-२. स्क्रूच्या खाचा कोऱ्या, ज्वेलमध्ये, म्हणजे चाकांची टोकं फिरतात त्या खड्यांत, तेलाचा थेंब जागच्या जागी. घड्याळ शंभर टक्के अस्सल होतं.

दुसऱ्याचं मशीन म्हणजे नकली माल, ही समजूत आपल्या भागात मी इतक्या वेळा ऐकली आहे की आता सविस्तर लिहायलाच हवं. लोक या समजुतीपायी चांगली घड्याळं मातीमोल भावात देऊन टाकतात, आणि मला ते बघवत नाही.

'दुसऱ्याचं मशीन' म्हणजे नकली, असं धरून चालणं

स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाचा धंदा पहिल्यापासून वाटून घेतलेला आहे. कोणी केस करतो, कोणी डायल, कोणी काटे, आणि कोणी फक्त कच्चं मशीन. या कच्च्या मशीनला तिकडे 'एबोश' म्हणतात. ते विकत घ्यायचं, त्याला घासूनपुसून, सुधारून, वेळ लावून आपल्या केसमध्ये बसवायचं, हे मोठमोठी घराणी करत आली. आपल्याकडे सरकी काढायची जिनिंगमध्ये, सूत निघतं गिरणीत, कापड विणतो तिसराच; म्हणून कोणी कापडाला नकली म्हणत नाही.

रोलेक्सचंच बघा. १९६३ साली आलेल्या तिच्या डेटोना या घड्याळात वालजू ७२ हे बाहेरचं मशीन होतं. १९८८ पासून डेटोनात झेनिथ या दुसऱ्या कंपनीचं एल प्रिमेरो मशीन बसलं, तेही रोलेक्सने बरंच बदलून. मूळ मशीन तासाला ३६,००० ठोके द्यायचं, ते २८,८०० वर आणलं. स्वतःचं मशीन डेटोनाला मिळालं २००० साली. अभिनेता पॉल न्यूमनची डेटोना २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेली, आणि तिच्या पोटात वालजूचंच मशीन आहे.

ऑडेमार्स पिगेच्या रॉयल ओकची गोष्ट तर मला फार आवडते. १९७२ च्या त्या घड्याळातलं २१२१ हे मशीन जेमतेम ३.०५ मिलिमीटर जाड. मुळात ते जेजर-लेकुल्त्र या दुसऱ्या घड्याळ कंपनीने बनवलेलं, आणि जेजर-लेकुल्त्रने स्वतःच्या घड्याळात ते कधीच वापरलं नाही. पाटेक फिलिपच्या १९७६ च्या नॉटिलसमध्ये आणि वाशरॉन कॉन्स्टँटिनच्या पुढच्या वर्षीच्या २२२ मध्येही त्याच घराण्याचं मशीन गेलं. म्हणजे जगातली तीन सगळ्यात मानाची नावं आणि मशीनचं माहेर एकच. आपल्या वडिलांच्या मनगटावरची एचएमटीसुद्धा १९६१ मध्ये जपानच्या सिटिझनकडून तंत्र घेऊनच सुरू झाली होती. तिला कोणी परकी म्हटलं का?

नुसता शिक्का किंवा नुसतं नाव बघून निकाल देणं

कंपन्या विकत घेतलेल्या मशीनला स्वतःचं नाव देतात. टॅग हॉयरचं 'कॅलिबर ५' म्हणजे ईटीएचं २८२४ किंवा सेलिटा या दुसऱ्या मशीन कंपनीचं एसडब्ल्यू२००. ब्रेटलिंगचं 'कॅलिबर १३' म्हणजे वालजू ७७५०. तेव्हा कंपनीच्या कागदावर एक नाव आणि आत दुसरा शिक्का दिसला, तर आधी त्या मॉडेलला मुळात कोणतं मशीन लागतं ते शोधा. जुळलं तर ठीक. जुळलं नाही तर मात्र सावध व्हा, कारण २८२४ ची चिनी नक्कलही बाजारात पडलेली आहे आणि शिक्का कोणालाही उमटवता येतो. नकलेत कडा खरबरीत असतात, प्लेटवर कटरचे ओरखडे दिसतात.

एक घड्याळ ईटीएवालं आणि तेच मॉडेल सेलिटावालं, असंही होतं. त्यात काळंबेरं नाही. ईटीए स्वॉच ग्रुपची. ग्रुपने २००२ मध्ये बाहेरच्या कंपन्यांना कच्ची मशीन देणं आटोपतं घेणार म्हणून जाहीर केलं आणि प्रकरण तिथल्या स्पर्धा आयोगापर्यंत गेलं. सेलिटा पूर्वी ईटीएचीच मशीनं जोडून द्यायची. पेटंटची मुदत संपली होती, तेव्हा तिने त्याच आराखड्यावर स्वतःचं मशीन काढलं.

एकच मशीन म्हणजे एकच दर्जा, असं मानणं

इथे मात्र खरंच पैसे जातात. ईटीएचं २८२४ चार दर्जांत येतं: स्टँडर्ड, एलाबोरे, टॉप आणि क्रोनोमीटर. स्टँडर्ड दोन स्थितींत तपासून देतात, एलाबोरे तीन, टॉप पाच. स्थिती म्हणजे डायल वर, डायल खाली, चावी खाली, अशा. टॉपमध्ये बॅलन्स आणि त्याला डोलवणाऱ्या केसासारख्या बारीक स्प्रिंगचा, म्हणजे हेअरस्प्रिंगचा, धातूही वरचा असतो; उन्हातान्हात वेळ कमी ढळते. क्रोनोमीटरला सीओएससी या स्विस तपासणी संस्थेची चाचणी लागते, दिवसाची सरासरी उणे ४ ते अधिक ६ सेकंदांच्या आत. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, त्यामुळे हा फरक कागदावरचा राहत नाही. विकत घेताना मशीनचा नंबर विचारा, आणि लगेच दर्जाही विचारा.

'इन-हाउस' म्हणून डोळे झाकून जास्त पैसे देणं

कंपनीचं स्वतःचं मशीन ही अभिमानाची गोष्ट आहे, मी ते नाकारत नाही. पण तुम्ही राहता मोर्शी-वरुड-आर्वीला. ते मशीन बिघडलं की सुटे भाग फक्त कंपनीकडे. घड्याळ मुंबईला जाणार, कधी त्याच्याही पुढे, आणि महिनोन्महिने येणार नाही. २८२४ किंवा एसडब्ल्यू२०० ची मेन स्प्रिंग मी मागवून इथेच बसवू शकतो. गावाकडच्या माणसाने, माझ्या मते, पहिलं चांगलं घड्याळ असं सहज दुरुस्त होणाऱ्या मशीनचंच घ्यावं.

दुरुस्तीत अख्खं मशीनच बदलू देणं

सुटं मशीन मिळतं म्हणून काही कारागीर साफसफाई न करता सरळ दुसरं टाकून देतात. नवं मशीन त्याच दर्जाचं आहे का, हे विचारा. बदललंच तर जुनं परत मागून घ्या, ते तुमचं आहे. कोण्या एकाकडून आलेलं एक घड्याळ मी उघडलं, तर डायल मशीनला धरून ठेवणारे तिचे बारीक पाय तोडून डायल चिकटपट्टीवर बसवलेली. पुढच्याला ते नीट करणं फार अवघड जातं.

बिघाड नसताना बिघाड समजणं

मनगट हलवलं की आत भिंगरीसारखं काही गरगरतं? मियोटा ८२१५ आणि वालजू ७७५० या मशीनांमध्ये रोटर, म्हणजे हाताच्या हालचालीने फिरणारं वजन, एकाच बाजूने चावी भरतो, दुसऱ्या बाजूला मोकळा फिरतो. तो आवाज त्याचाच. दोन दिवस काढून ठेवलं आणि बंद पडलं, तर घाबरू नका, २८२४ मध्ये भरलेल्या चावीची साठवणच साधारण ३८ तासांची आहे. चावी पंचवीस-तीस वेळा हळू फिरवा आणि घाला. पण ऑटोमॅटिकला रोज हाताने चावी देत बसू नका, या मशीनचे चावीचे दाते त्याने झिजतात.

रात्री नऊ ते पहाटे तीन तारीख बदलू नका. त्या वेळी तारखेचं चाक आधीच गुंतलेलं असतं, जोर केला की दाता तुटतो. आणि फवारणीला जाताना घड्याळ घरी ठेवा. काचेच्या आत वाफ धरलीच तर उन्हात वाळवू नका, वाफ जाते पण गंज मागे राहतो. त्याच दिवशी उघडून घ्या.

आता त्या पोराच्या घड्याळाचं. एकदम मिनिटं-मिनिटं पुढे पळायला लागलं की मी आधी जवळ साधं होकायंत्र धरतो. सुई थरथरली. हेअरस्प्रिंग चुंबकाने धरली होती, वेढे एकमेकांना चिकटत होते. विचारलं, रात्री कुठे ठेवतोस? तर घरातल्या मोठ्या साउंड बॉक्सवर, आणि त्याच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो. चुंबकपणा काढणाऱ्या डिमॅग्नेटायझरवरून ते दोनदा सावकाश फिरवलं, मिनिटही लागलं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तपासलं तेव्हा घड्याळ चार सेकंद पुढे होतं. पोरगा ते आजही घालतो, आणि रात्री भिंतीतल्या लाकडी कोनाड्यात ठेवतो.