भाड्याने द्यायला घर बघायचं तर ऑगस्टमध्ये बघा

बडोद्यात भाड्याने द्यायला फ्लॅट घ्यायचा असेल तर दिवाळीच्या सुट्टीत बघायला जाऊ नका. ऑगस्टमध्ये जा, तेही पाऊस पडत असताना.

मी पहिला फ्लॅट दिवाळीतच घेतला होता. समा भागात, तळमजल्यावर, दारासमोर छान मोगरा. 31 जुलै 2019 ला शहरात एका दिवसात सुमारे 20 इंच पाऊस झाला आणि विश्वामित्री नदीचं पाणी आमच्या स्वयंपाकघरात शिरलं. पाणी ओसरल्यावर गेले तेव्हा भाडेकरूची बायको तांदळाचा डबा उपडा करून काही वाचलंय का ते बघत होती, कडेवर आठ महिन्यांचं बाळ. त्या महिन्याचं भाडं मी घेतलं नाही, डिपॉझिटही सगळं परत केलं. पण त्या बाईचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तो फ्लॅट पुढे तोट्यात विकला.

म्हणून आधी पार्किंगमध्ये जा. रंग नवा असला तरी खांबांवर पाण्याची रेघ कुठेतरी दिसतेच. विजेचे मीटर किती उंचीवर आहेत, पाण्याची मोटर कुठे बसवली आहे, ते बघा. दलालाला विचारू नका, वॉचमनला विचारा: 2019 ला पाणी कुठवर आलं होतं, 2024 ला कुठवर? माझा आताचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर आहे. 2024 च्या पुरात पाणी पार्किंगपर्यंतच थांबलं.

मग हिशेब मांडा, कागदावर. माझा असा आहे: किंमत 40 लाख, भाडं महिना 12 हजार, म्हणजे वर्षाला 1 लाख 44 हजार. त्यातून मेन्टेनन्सचे 18 हजार, महापालिकेचा वेरा, म्हणजे घरपट्टी, 6 हजार, रंगरंगोटीसाठी बाजूला 10 हजार आणि एक महिना घर रिकामं राहणारच असं धरून 12 हजार वजा करा. उरले 98 हजार, म्हणजे अडीच टक्केसुद्धा नाहीत. भाड्यातून हप्ता फिटेल असं सांगून कोणी कर्ज काढायला लावत असेल तर हा हिशेब त्याच्यापुढे ठेवा. घर घ्यावं ते पुढच्या पंधरा-वीस वर्षांच्या विचाराने, आणि स्वतःचे पैसे असतील तरच.

भाडेकरू कोण मिळणार हे जागेवर ठरतं. फतेगंज-सयाजीगंजकडे विद्यापीठाची मुलं, मकरपुऱ्याकडे कारखान्यातले लोक. मात्र सोसायटीचे नियम सौदा होण्याआधी लेखी मागून घ्या. काही ठिकाणी अविवाहितांना घर देऊ देत नाहीत, काही ठिकाणी मटण-मासे खाणाऱ्यांना. मला हे पटत नाही, पण घेतल्यावर कळलं तर घर चार-चार महिने रिकामं पडतं.

करार 11 महिन्यांचा करतात, कारण वर्षापेक्षा जास्त मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो. भाडेवाढ किती, नोटीस किती दिवसांची, नळ गळला तर खर्च कोणाचा, हे करारातच लिहा. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्या, गुजरात पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर ते होतं. भाडं बँकेतच घ्या आणि प्राप्तिकराच्या विवरणपत्रात दाखवा. भरलेला वेरा वजा जाऊन उरलेल्या रकमेवर 30 टक्के सरसकट वजावट मिळते, दुरुस्तीच्या पावत्या जपाव्या लागत नाहीत.

किल्ली देताना घाई करू नका. मी अर्धा तास काढते. भाडेकरूला बरोबर घेऊन प्रत्येक नळ सोडते, फ्लश ओढते, खिडक्यांच्या कड्या लावून बघते, मीटरच्या आकड्याचा फोटो काढते. पंखे किती, ट्यूबलाइट किती, गीझर चालतो का, सगळं एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या. घर सोडताना तोच कागद काढायचा, मीटरच्या शेवटच्या आकड्याप्रमाणे विजेचं बिल वजा करायचं आणि उरलेलं डिपॉझिट तिथेच, त्याच दिवशी हातात द्यायचं. पुढच्या महिन्यावर ढकलायचं नाही.

गेल्या जूनमध्ये घर सोडून गेलेल्या मुलीने गॅलरीत तुळस लावली होती. इथेच राहू दे का, असं तिने विचारलं. नव्या भाडेकरूच्या यादीत पंख्यांच्या खाली मी ती कुंडी लिहून घेतली आहे.