झऱ्याचं पाणी मे महिन्यात मोजा
पेठ, सुरगाणा, त्र्यंबककडच्या पाड्यांवर झऱ्यावरून नळयोजना करायची असेल तर पाणी पावसाळ्यात बघून प्लॅन करू नका, मे महिन्यात मोजा. २० लिटरची बादली धारेखाली धरायची आणि मोबाईलवर टाइम लावायचा. समजा भरायला १०० सेकंद लागले तर दिवसाला १७,२८० लिटर होतात, म्हणजे जलजीवन मिशनच्या माणशी ५५ लिटरच्या हिशोबाने ३१४ माणसांचं पाणी झालं, पण रात्रीचं वाहून जायला नको म्हणून साठवण टाकी पाहिजेच.

आता सगळ्यात महत्त्वाचं, झऱ्यावर बंदिस्त टाकी बांधताना तिचा ओव्हरफ्लो पाइप झऱ्याच्या मूळ तोंडापेक्षा वर ठेवू नका, कारण आत पाणी तुंबलं की उलटा दाब येतो आणि झरा दुसरीकडूनच वाट काढतो, मग परत सापडत नाही. ओव्हरफ्लोला बारीक जाळी लावा, बेडूक शिरतात.

वरच्या अंगाला चर खोदून पावसाचं पाणी बाजूला काढा, कुंपण घाला, तिकडे गुरं, शोषखड्डा अजिबात नको. आणि पहिल्या जोरदार पावसानंतर लगेच पाणी गढूळ आलं तर वरचं पाणी आत घुसतंय, ती फट शोधाच.