चंद्राच्या कला समजून घेताना या चुका टाळा

‘चंद्राची कोर का दिसते?’ असं विचारलं की दहातले निम्मे तरी लोक ठामपणे सांगतात, ‘पृथ्वीची सावली पडते म्हणून.’ ते कारण ग्रहणाचं आहे. खात्री हवी असेल तर शुद्ध अष्टमीला दुपारी तीन-चारच्या सुमारास आकाशात पाहा. अर्धा चंद्र वर आलेला असतो आणि सूर्यही मावळलेला नसतो. पृथ्वीची सावली नेहमी सूर्याच्या विरुद्ध बाजूला पडते. मग बाजूलाच असलेल्या चंद्रावर ती कशी पडेल?

खरं तर सूर्याने उजळलेला चंद्राचा अर्धा भाग आपल्याला कधी कमी, कधी जास्त दिसतो, त्यातूनच कला होतात. हे घरी करून बघायला अंधारी खोली, एक दिवा आणि एक चेंडू पुरतो. दिवा म्हणजे सूर्य, आपलं डोकं म्हणजे पृथ्वी. हात लांब करून चेंडू धरायचा आणि जागच्या जागी डावीकडे वळत गोल फिरायचं. कोर, अर्धा चंद्र, फुगत जाणारा चंद्र हे सगळं छान दिसतं आणि नेमकं पौर्णिमेला घोटाळा होतो. दिव्याकडे पाठ केली की आपल्याच डोक्याची सावली चेंडूवर पडते आणि तो काळा होतो. इथे बरेच जण प्रयोग फसला म्हणून सोडून देतात. चेंडू डोक्यापेक्षा थोडा वर धरा, तो पूर्ण उजळतो. हळूहळू खाली आणलात तर हातात चंद्रग्रहण!

पण खरा चंद्र इतका वर-खाली होतो का? होतो, आणि आपल्या समजुतीपेक्षा बराच जास्त. त्याची कक्षा पृथ्वीच्या कक्षेशी सुमारे 5 अंश कललेली आहे. पाठ्यपुस्तकातल्या चित्रात चंद्र पृथ्वीला जवळजवळ चिकटलेला असतो, म्हणून हे कधी जाणवत नाही. पृथ्वी 22 सेंटीमीटरचा फुटबॉल मानली, तर चंद्र होतो 6 सेंटीमीटरचा चेंडू, आणि तो ठेवावा लागतो साडेसहा मीटरवर. तेवढ्या अंतरावर पृथ्वीची गडद सावली जेमतेम 16 सेंटीमीटर रुंद उरते आणि चंद्र मात्र जवळपास 60 सेंटीमीटर वर किंवा खाली जाऊ शकतो. म्हणून बहुतेक पौर्णिमांना तो सावलीला बगल देऊन निघून जातो.

चंद्राची एकच बाजू कायम आपल्याकडे असते, म्हणून ‘चंद्र स्वतःभोवती फिरत नाही’ असं म्हणणं हीसुद्धा अशीच चूक. चेंडूवर खडूने खूण करा आणि ती सतत स्वतःकडे ठेवून फिरा. एका फेरीत ती खूण खोलीच्या चारही भिंतींकडे वळलेली असते, म्हणजे चेंडूची स्वतःभोवती एक फेरी झालीच. चंद्राच्या आपल्याला न दिसणाऱ्या पलीकडच्या बाजूला ‘अंधारी बाजू’ म्हणणंही सोडा. तिथेही साधारण दोन आठवडे लख्ख ऊन असतं. 1959 मध्ये ‘लुना 3’ यानाने तिचे पहिले फोटो काढले, तेही त्याच उन्हात.

  

आणि नवी दुर्बीण आणलीत तर ती पहिल्यांदा पौर्णिमेला चंद्राकडे रोखू नका. ऊन समोरून पडल्यामुळे सगळं सपाट, पांढरंफटक दिसतं आणि दुर्बिणीतच दोष आहे असं वाटतं. अष्टमीच्या आसपास उजेड-अंधाराच्या सीमेवर पाहा. तिथे विवरांच्या कडांच्या सावल्या लांबलचक पडलेल्या असतात.