संशोधनलेखात संदर्भ देताय? या चुका टाळा

इतिहासावर लिहिणाऱ्याला पुण्यात साधनांची वानवा नाही. भारत इतिहास संशोधक मंडळ, भांडारकर संस्था, पुराभिलेखागारातलं पेशवे दफ्तर, सगळं शहरातच आहे. तरीही आमच्या षण्मासिकाकडे आलेल्या लेखांच्या तळटिपा तपासायला बसलं की त्याच त्या चुका पुढ्यात येतात.

सगळ्यात वाईट चूक म्हणजे न उघडलेल्या पुस्तकाचा संदर्भ देणं. मध्यंतरी एका लेखात पेशवेकाळातल्या एका सरदाराच्या कर्जबाजारीपणावर ठाम विधान होतं. तळटिपेत ‘पेशवे दफ्तरातून निवडलेले कागद’चा खंड आणि ‘पृ. ११२’. गो. स. सरदेसाई यांनी संपादित केलेले हे ४५ खंड. मी तो खंड काढला, तर पान ११२ वर भलत्याच मोहिमेचा मजकूर. या खंडांत पत्रांना क्रमांक आहेत, म्हणून लेखांक ११२ पाहिला, तेव्हा पत्र सापडलं. लेखकाला फोन केला. त्यांनी संदर्भ एका प्रबंधातून उचलला होता, प्रबंधकाराने एका जुन्या इंग्रजी पुस्तकातून, आणि त्या वाटेत लेखांकाचं पान झालं होतं. एवढ्यावर भागलं असतं तर दुरुस्ती करून सोडून दिलं असतं. पण त्याच पत्राच्या शेवटी कर्ज फिटल्याचं लिहिलेलं होतं! लेखातला अख्खा परिच्छेद काढावा लागला.

माझी सवय सांगतो. पुस्तक हातात आलं की आधी शीर्षकपानाचा मोबाईलवर फोटो, मग लागणाऱ्या पानाचा, पानाचा आकडा दिसेल असा. मूळ पाहायला मिळालंच नाही, तर ‘अमुक यांच्या ग्रंथात उद्धृत’ असं सरळ लिहावं. त्यात कमीपणा काही नाही. घाईत असलेल्या नवख्यांना हे पटत नाही, त्यांना वाटतं मूळ साधनाचं नाव दिलं की लेखाला वजन येतं.

दुसरी चूक तारखांची. शकात ७८ मिळवले की इसवी सन, एवढंच पाठ असतं. पानिपतची लढाई शके १६८२, पौष शुद्ध ८ ची. ७८ मिळवाल तर १७६० येईल, आणि लढाई झाली १४ जानेवारी १७६१ ला. जानेवारी लागल्यापासून पाडव्यापर्यंत ७९ मिळवायचे असतात. मराठी कागदांतला सुहूर सन (अरबी नावाचा सौर सन) मृग नक्षत्र लागतं तेव्हा, म्हणजे जूनच्या सुरुवातीला बदलतो, तिथे इसवी सनासाठी डिसेंबरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून ६००. कागदावर आहे तशी मिती आधी लिहा, इसवी तारीख पुढे कंसात, आणि जंत्री, म्हणजे जुन्या तिथी-तारखांचं कोष्टक, उघडून ताडून पाहा. मोबाईलवरच्या तयार परिवर्तकावर मी भिस्त ठेवत नाही.

महाभारताचा संदर्भ देताना कोणती प्रत ते सांगा. भांडारकर संस्थेच्या चिकित्सक आवृत्तीत (अनेक हस्तलिखितं ताडून ठरवलेल्या पाठात) गीता भीष्मपर्वाच्या २३ ते ४० अध्यायांत आहे, नीलकंठाच्या टीकेसह चालत आलेल्या प्रचलित पाठात २५ ते ४२. नुसता ‘भीष्मपर्व, अध्याय २५’ म्हटलंत तर वाचकाने कुठे शोधायचं?

‘तत्रैव’, म्हणजे ‘वरच्याच ग्रंथात’, हे पहिल्या खर्ड्यात वापरूच नका. मध्ये एक नवी तळटीप घुसली की तो चुकीच्या ग्रंथाकडे बोट दाखवतो.

पीडीएफचं पान आणि छापील पान एक नसतं. पीडीएफमध्ये मुखपृष्ठ, प्रस्तावनेची पानंही मोजली जातात, त्यामुळे फरक पडतो.

पुनर्मुद्रणाचं साल देताना पहिल्या आवृत्तीचंही द्या. वि. का. राजवाडे यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा आहे, हे सूचीत दिसलंच पाहिजे.

एआयकडून संदर्भसूची करून घेऊ नका. नाव, साल, पान सगळं खरं वाटेल असं येतं आणि ते पुस्तक कुठल्याच ग्रंथालयात नसतं. असा एक संदर्भ सापडला की मी बाकीच्या तळटिपा वाचत नाही, लेख परत जातो.

संदर्भ साठवणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर जरूर वापरा, पण मराठी नावं त्यात हाताने भरा. आपोआप आलेल्या नोंदीत आडनाव आणि नाव उलटसुलट होतात, संपादक लेखक होऊन बसतो. सूची झाली की कागदावर छापून घ्या आणि प्रत्येक तळटिपेची नोंद तिच्यात आहे का, ते पेन्सिलीने खूण करत जुळवा. एक दुपार जाते. ती लेख पाठवण्याआधी काढा, कारण मुद्रितं आल्यावर मी नवी नोंद घालू देत नाही.