फाइल सिस्टिमच्या कोडमधला दोष: आधी डिस्क जपावी, मग कोड उघडावा

कर्नलमधल्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यातल्या, बहुतेक दोषांचे परिणाम यंत्र पुन्हा सुरू केले की पुसले जातात. फाइल सिस्टिमच्या, म्हणजे डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या भागाच्या, कोडमधला दोष मात्र डिस्कवर उमटतो आणि कोड दुरुस्त झाल्यानंतरही तिथेच ठाण मांडून बसतो. त्यामुळे या भागात काम करणाऱ्याला दोन प्रश्न सोडवावे लागतात: ही चूक यापुढे होणार नाही ना, आणि जुन्या कर्नलने आधीच बिघडवून ठेवलेली डिस्क उद्या नव्या कर्नलला जोडली गेली तर काय होईल? पहिल्या प्रश्नापाशीच थांबलेले पॅच (कोडमधले दुरुस्तीचे बदल) पुष्कळ दिसतात. पुढील विवेचन लिनक्स कर्नल आणि मुख्यतः त्यातली ईएक्सटी४ ही फाइल सिस्टिम समोर ठेवून केले आहे, परंतु कामाचा क्रम इतर फाइल सिस्टिमनाही लागू पडतो.

तक्रार आली की सर्वप्रथम पुरावा जपावा. बिघडलेल्या डिस्कची ब्लॉकशः प्रत काढावी आणि त्यानंतरचे सगळे प्रयोग प्रतीच्याही प्रतीवर करावेत. फक्त-वाचनासाठी माउंट केले (डिस्क वापरासाठी जोडली) म्हणजे डिस्कवर काही लिहिले जात नाही, हा समज चुकीचा आहे. जर्नलमध्ये (बदल आधी टिपून ठेवण्याच्या डिस्कवरील वहीत) पूर्ण नोंदलेले पण मूळ जागी न उतरलेले व्यवहार असतील, तर ईएक्सटी४ फक्त-वाचनाच्या माउंटमध्येही आधी ते डिस्कवर उतरवते. ते टाळायचे असेल, तर ईएक्सटी४ला ‘नोलोड’ आणि एक्सएफएस या दुसऱ्या फाइल सिस्टिमला ‘नोरिकव्हरी’ हा पर्याय सोबत द्यावा लागतो, आणि त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे ब्लॉक डिव्हाइसच लेखनबंद करून ठेवणे. संपूर्ण प्रत मिळण्यासारखी नसेल, तर ‘ई२इमेज’ किंवा ‘एक्सएफएस मेटाडंप’ वापरून फक्त मेटाडेटाची (फाइलींच्या मांडणीविषयीच्या माहितीची) प्रतिमा मागवावी. फाइलींमधला मजकूर त्यात येत नाही आणि नावेही झाकता येतात, त्यामुळे लोक ती द्यायला सहसा कांकू करत नाहीत. ईएक्सटी४ तपासणारे व दुरुस्त करणारे ‘ई२एफएससीके’ काहीही न बदलता चालवले, तर ते जर्नल उतरवत नाही, म्हणून त्या वेळी दिसलेल्या प्रत्येक विसंगतीला बिघाड समजू नये.

यानंतर संदेश वाचावेत, आणि ते वरून वाचावेत. सर्वात पहिली चूक महत्त्वाची असते. तिच्यानंतरचे संदेश बहुधा तिचीच पिल्ले असतात. कर्नलची नोंदवही पुसली गेली असली, तरी ईएक्सटी४ आपल्या सुपरब्लॉकमध्ये (स्वतःची मूळ माहिती असलेल्या ब्लॉकमध्ये) पहिल्या आणि शेवटच्या चुकीची वेळ, ती ज्या फंक्शनमध्ये आढळली त्याचे नाव आणि ओळ क्रमांक लिहून ठेवते. ‘डंपई२एफएस’ने शीर्षभाग छापला, की ही माहिती दिसते. कितीतरी तपास या एका आज्ञेने निम्म्यावर येतात, तरीही ती चालवून पाहण्याचे पुष्कळांना सुचत नाही.

दोष पुन्हा घडवण्यासाठी आभासी यंत्र आणि लहानशी प्रतिमा-फाइल पुरते. कर्नल बांधताना लॉकचा (सामायिक माहितीवरच्या कुलपांचा) क्रम तपासणारे लॉकडेप आणि मेमरीचा गैरवापर पकडणारे केसॅन, दोन्ही चालू ठेवावेत. शक्य असेल तेव्हा ब्लॉक १०२४ बाइटांचे घ्यावेत: ४०९६ बाइटांच्या एका पेजमध्ये (मेमरीच्या तुकड्यात) मग चार ब्लॉक बसतात आणि पेज व ब्लॉक एकच धरून लिहिलेला कोड लगेच उघडा पडतो. माउंट करताना चूक आढळताच कर्नल थांबावे असा पर्याय दिला, तर पहिल्याच चुकीपाशी यंत्राची अवस्था ताजी मिळते. दोष हुकमी घडू लागला, की ‘गिट बायसेक्ट’ करावे, म्हणजे कोडचा इतिहास दर वेळी अर्धा करत दोषी बदल शोधावा; १६,००० कमिटांमधून (नोंदवलेल्या बदलांमधून) दोषी कमिट शोधायला सुमारे १४ फेऱ्या लागतात. मात्र प्रत्येक फेरीला प्रतिमेची कोरी प्रत घ्यावी. आधीच्या फेरीतल्या दोषी कर्नलने बिघडवलेली प्रतिमा पुढच्या फेरीतल्या निर्दोष कर्नलला दिली, तर तोही दोषी ठरतो आणि बायसेक्ट पूर्ण आत्मविश्वासाने भलत्याच कमिटवर बोट ठेवते. त्या पायी माझे दोन दिवस एकदा वाया गेले आहेत.

आता एक दोष जवळून पाहू. ईएक्सटी४च्या डिरेक्टरीतल्या प्रत्येक नोंदीत चार बाइटांचा इनोड क्रमांक (इनोड म्हणजे फाइलची माहिती ठेवणारी रचना), दोन बाइटांची नोंद-लांबी, एक बाइट नावाच्या लांबीचा, एक बाइट फाइलच्या प्रकाराचा आणि त्यापुढे नाव असते. वाचणारा कोड नोंद-लांबीइतका पुढे सरकून पुढची नोंद गाठतो. ही लांबी किमान १२ असावी, तिला ४ ने निःशेष भाग जावा, नाव तिच्यात मावावे आणि नोंद ब्लॉकच्या बाहेर जाऊ नये, एवढ्या गोष्टी ईएक्सटी४ तपासते. समजा, डिरेक्टरी वाचण्याचा एक नवा मार्ग जोडताना ही तपासणी राहून गेली आणि डिस्कवरील एका नोंदीची लांबी शून्य आहे. कोड शून्य बाइट पुढे सरकतो, म्हणजे तिथेच राहतो, आणि फेरा कधीच संपत नाही.

बाहेरून दिसणारे चित्र मात्र वेगळेच असते. डिरेक्टरीची यादी मागणारी प्रक्रिया तिच्या इनोडचे लॉक सामायिक स्वरूपात धरून प्रोसेसर खात बसते. त्याच डिरेक्टरीत नवी फाइल करू पाहणाऱ्या प्रक्रियेला तेच लॉक एकटीसाठी हवे असते, म्हणून ती अडून राहते आणि १२० सेकंदांनी कर्नल तिच्या नावाने ‘टास्क अडकला’ असा संदेश छापते. संदेशात नाव येते ते बळीचे, गुन्हेगाराचे नव्हे. अशा वेळी सिसआरक्यू या कर्नलला थेट आज्ञा देणाऱ्या कळीच्या ‘डब्ल्यू’ अक्षराने अडकलेल्या प्रक्रियांचे आणि ‘एल’ अक्षराने प्रोसेसरवर प्रत्यक्ष चालू असलेल्या कोडचे स्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावले त्याची साखळी) छापून घ्यावेत. दुसरी यादी पाहिल्याशिवाय पहिलीवरून निष्कर्ष काढू नये.

लांबी शून्य असेल तर चूक परत करावी, हा एका ओळीचा उपाय झटकन सुचतो, आणि तो चुकीचा आहे. नोंद-लांबी १६ बिटांची असल्याने तिच्यात जास्तीत जास्त ६५,५३५ हा आकडा मावतो, तर ६४ किबाइटांचा ब्लॉक ६५,५३६ बाइटांचा असतो. म्हणून ६४ किबाइटांचे पेज असलेल्या यंत्रांवर ईएक्सटी४ डिस्कवरील शून्याचा किंवा ६५,५३५ चा अर्थ ‘संपूर्ण ब्लॉक’ असा लावते. डिस्कवरचा कच्चा आकडा तपासणारा पॅच अशा यंत्रावर धडधाकट डिस्कलाच बिघडलेली ठरवेल. मूल्य आधी रूपांतर करणाऱ्या फंक्शनमधून काढावे आणि मग, आधीपासून असलेल्या त्याच तपासणीच्या हवाली करावे. डिस्कवर ईएक्सटी४ लिट्ल-एंडियन (आकड्याचा लहान किमतीचा बाइट आधी) आणि एक्सएफएस बहुतांशी बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा आधी) असते, हेही इथेच लक्षात ठेवावे; रूपांतर विसरल्यास ‘स्पार्स’ हे कोड तपासणारे साधन ते दाखवून देते.

चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा) जुळला म्हणून तपासणी वगळावी, असा युक्तिवाद अधूनमधून ऐकू येतो. तो टिकत नाही, कारण चुकीचे मूल्य लिहिणाऱ्या कर्नलनेच त्यावर चेकसमही काढलेला असतो. तपासणी फसल्यावर कर्नल कोसळवू नये. रचना बिघडल्याचा ११७ हा चूक-क्रमांक परत करावा, आणि तो परत करण्यापूर्वी हातात असलेले बफर व लॉक, ज्या क्रमाने घेतले त्याच्या उलट क्रमाने सोडावेत. माझ्या मते फाइल सिस्टिमच्या कोडमध्ये सर्वाधिक दोष या परतीच्या वाटांवरच दडलेले असतात, कारण नेहमीच्या वापरात त्यांवरून कोणी जातच नाही. त्या वाटेवर किंवा जर्नलचा व्यवहार उघडा असताना मेमरी मागायची असेल, तर ती फाइल सिस्टिममध्ये पुन्हा शिरणार नाही अशा रीतीनेच मागावी. एरवी मेमरी मोकळी करू पाहणारे कर्नल त्याच फाइल सिस्टिमच्या दारात येऊन उभे राहते आणि दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतात.

चाचणीसाठी ‘एक्सएफएसटेस्ट्स’ वापरावे. नाव एक्सएफएसचे असले तरी ते इतर फाइल सिस्टिमसाठीही चालते. पॅचशिवाय आधी एकदा चालवून कोणत्या चाचण्या मुळातच फसतात ते टिपून ठेवावे, मग पॅचसह चालवावे. ‘क्विक’ गट काम चालू असताना पुरेसा आहे, पाठवण्यापूर्वी मात्र ‘ऑटो’ गट १ किबाइटाच्या ब्लॉकवर, जर्नलशिवाय आणि मजकूरही जर्नलमधून जाईल अशा मांडणीवर पार पाडावा. लेखनाचा क्रम बदलणारा पॅच असेल, तर डिव्हाइस मॅपरच्या ‘लॉग-राइट्स’ने प्रत्येक लेखन नोंदवून, मधल्या प्रत्येक टप्प्यावर वीज गेली असे समजून डिस्क तपासावी. त्या वेळी तपासणी सक्तीची करावी, नाहीतर ‘स्वच्छ’ अशी खूण पाहून ‘ई२एफएससीके’ काहीच न पाहता परत फिरते. दोषासाठी नवी चाचणीही लिहावी: ‘डीबगएफएस’ने नोंद मुद्दाम बिघडवावी आणि चाचणी पॅचशिवाय फसते, पॅचसह पार पडते, हे दोन्ही पाहून घ्यावे.

जुन्या आवृत्त्यांमध्ये पॅच नेताना अधिक सावध राहावे. नोव्हेंबर २०२३ मध्ये ६.१.६४ या स्थिर कर्नलमध्ये ईएक्सटी४चा एक पॅच मागे नेण्यात आला. मूळ जागी तो अगदी बरोबर होता, परंतु थेट लेखनाच्या सामायिक कोडमध्ये त्याआधी झालेल्या बदलावर तो अवलंबून होता, आणि तो बदल सोबत नेला गेला नव्हता. लेखनानंतरचे फाइलमधले स्थान चुकीचे नोंदले जाऊ लागले आणि मजकूर बिघडण्याची वेळ आली. डेबियन या लिनक्स वितरणाला १२.३ ही आवृत्ती रोखून धरावी लागली आणि १० डिसेंबरला थेट १२.४ काढावी लागली. पॅच जुन्या शाखेवर विनातक्रार बसला, यावरून तो तिथे बरोबर आहे असे ठरत नाही. त्या शाखेवरही संपूर्ण चाचणी व्हायला हवी.

पॅचच्या मजकुरात कोणत्या कमिटने दोष आणला ते त्याच्या ओळखक्रमांकाच्या पहिल्या १२ अक्षरांसह लिहावे. त्यापुढे दोषी कर्नलने वापरलेल्या डिस्कवर काय उरलेले असू शकते, नवे कर्नल ते पाहून काय करील आणि ‘ई२एफएससीके’ सक्तीने चालवल्यास ते दुरुस्त होते की त्या साधनातही बदल लागतो, हे सांगावे. साधनातही बदल लागत असेल, तर त्याचा पॅच त्याच दिवशी पाठवावा, कारण कर्नल बदलून झाल्यावर वापरकर्त्याच्या हाती ती बिघडलेली डिस्क आणि तेवढे एकच साधन उरलेले असते.